जिन्याखालची सायकल आणि तीन हजार रुपये

आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार हे गेली सहा वर्षं ऐकतोय. डोंबिवलीत कुणालाही विचारा, त्याची बिल्डिंग एकतर गेलेली असते नाहीतर जाणार असते. यंदा मात्र खरंच नोटीस लागली. जिन्याखालचं सामान महिनाअखेरपर्यंत उचला, नंतर सोसायटी जबाबदार नाही.

जिन्याखाली काय होतं? एक पाय गेलेली खुर्ची, कुणाचा तरी पाळणा, दोन पिंपं, आणि सगळ्यात मागे भिंतीला टेकून माझी रेसर.

रेसर म्हणजे ती खाली वळलेल्या हॅन्डलची, दहा गिअरची सायकल. १९९६ साली दहावीला बरे मार्क पडले म्हणून बाबांनी घेऊन दिलेली. तेव्हा आमच्या गल्लीत बाकी सगळ्यांकडे काळ्या, उंच, २८ इंची सायकली. त्यामुळे माझा भाव काय विचारता! पाच वर्षं ती मी दामटली. मग २००१ ला नोकरी लागली, बंगलोर, मग परदेश, मग परत येऊन ठाण्यात ऑफिस. सायकल जिन्याखाली राहिली ती राहिली.

भंगारवाल्याने ती एका हाताने उचलून बघितली आणि म्हणाला, "साडेतीनशे." मी हो म्हणणार होतो. तेवढ्यात हॅन्डलला बांधलेला एक दोरा दिसला. त्यावर झेंडूची वाळून काळी पडलेली दोन फुलं. का कोण जाणे, पण मी त्याला म्हटलं, राहू दे, पुढच्या आठवड्यात ये.

बायको म्हणाली, "दुरुस्तच करायची असेल तर कर, पण बजेट सांग." (ती अकाउंट्समध्ये आहे.) मी म्हटलं तीन हजार. तिने फ्रिजवर कागद लावला आणि वर लिहिलं, ३०००.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, सुटे भाग मागवायचे आणि बसवायचे. मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्याच रात्री ऑनलाइन दोन टायर मागवले, ७०० सी म्हणून असतात ते, हल्लीच्या रोड बाइकना लागतात. आले, आणि रिमवर चढेचनात. टायर लिव्हर म्हणून घेतलेला चमचा वाकला, टायर जागचा हलला नाही.

तर पहिला धडा. माझ्या सायकलचं चाक २७ बाय सव्वा. ऐकायला ७०० सी आणि २७ इंच जवळपास सारखे, पण टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास एकाचा ६२२ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ६३०. आठ मिलिमीटरचा फरक, विषय संपला. २७ इंच ही जुनी इंग्लिश पद्धतीची साइज. सत्तरच्या दशकात अमेरिकेत दहा गिअरच्या सायकलींची लाट आली तेव्हा तिथे ती सगळीकडे होती, नंतर ७०० सीने तिची जागा घेतली. आपल्या काळ्या सायकलींचा २८ बाय दीड आणखी वेगळा, ६३५. म्हणून इंचांवर जाऊ नका. टायरच्या कडेला बारीक अक्षरात ३२-६३० असा आकडा असतो, त्यातला दुसरा आकडा खरा. टायर परत केले, पैसे आले, एक शनिवार गेला.

दुसऱ्या शनिवारी बाबा खाली आले. गुडघ्यांमुळे ते हल्ली जिना उतरायचं टाळतात. प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन बसले आणि विचारलं, "फ्रेम तपासलीस?"

"म्हणजे?"

"अरे, फ्रेम वाकडी असेल तर बाकीचा खर्च पाण्यात. सुतळी आण."

हे मला माहीत नव्हतं, तुम्हालाही नसेल तर लिहून ठेवा. मागच्या चाकाचा एक्सल जिथे बसतो त्या खाचेला सुतळी बांधायची, पुढे हॅन्डलखालच्या आखूड नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत आणायची आणि ताणायची. मग सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्हीकडच्या सुतळीचं अंतर मोजायचं. सारखं आलं तर मागची फ्रेम सरळ. आमच्यात एका मिलिमीटरचा फरक आला. बाबा म्हणाले, "चालेल." नंतर सांधे पुसून चीर बघितली, पुढचा चिमटा बाजूने बघितला. हे सगळं झाल्यावरच पहिला रुपया खर्च करायचा. चीर निघाली असती तर भंगारवाल्याला फोन केला असता, त्यात रडण्यासारखं काही नाही.

बाबा एमआयडीसीत फेज वनला एका कंपनीत मेंटेनन्सला होते. तीस वर्षं. मी आमच्या धंद्यात वीसेक वर्षं काढली आणि सपोर्ट प्रोजेक्ट आला की काहीतरी करून सटकायचो. नवीन मॉड्यूल लिहिणाऱ्याचं नाव होतं, जुनं चालू ठेवणाऱ्याचं कुठे होतं? हे मी बाबांना कधी बोललो नाही. पण स्टूलावर बसून ते पाना मागत होते आणि मी देत होतो, तेव्हा आठवलं खरं.

डाव्या पायडलला मी लोंबकळलो तरी सुटेना. "डावा ना? उलट फिरव," बाबा शांतपणे म्हणाले. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, कारण सरळ असते तर चालवता चालवता ते आपोआप सैल झाले असते. क्रँकची कॉटर पिन मी हातोडीने ठोकून वाकवली. बाबांची पद्धत अशी, की नट पूर्ण काढायचा नाही, पिनच्या टोकाच्या पातळीला ठेवायचा म्हणजे आटे मरत नाहीत. खालून क्रँकला पाइपच्या तुकड्याचा टेका द्यायचा आणि एकच सणसणीत घाव. दुसरी पिन तशी निघाली.

आणि मग एक गंमत झाली. बाहेरून सायकल गंजलेली. चेनचं तर लोखंडी कडबोळं झालं होतं. २४ वर्षं कुणी हात लावलेला नाही म्हटल्यावर आत काय असेल या तयारीनेच मी मधला एक्सल उघडला. आत ग्रीस होतं. घट्ट झालेलं, पण पिवळं. छर्रे थाळीत काढले, डिझेलमध्ये धुतले (रॉकेल आता कुठून आणणार?), तर कपांवर एक खड्डा नाही. मागचा हब उघडला, तिथेही तेच. सीटची नळी अशा सायकलीत हमखास अडकते, ती हाताने फिरवली तर वर आली.

शिवाय टायर. मला पक्कं आठवत होतं, माझे टायर कडेने बदामी रंगाचे होते. हे कुजलेले दोन्ही पूर्ण काळे.

कोडमध्ये असं काही दिसलं की आपण हिस्टरी काढतो, ही ओळ कुणी बदलली, केव्हा बदलली. इथे हिस्टरी समोर स्टूलावर बसली होती.

"बाबा, टायर तुम्ही बदललेत?"

"हो. २००९ ला. तू दिवाळीत येणार होतास ना पंधरा दिवस."

मी आलो होतो २००९ ला. पंधराही दिवस भाड्याची गाडी घेऊन फिरत होतो. जिन्याखाली बघितलंसुद्धा नव्हतं.

"आणि ग्रीस?"

"दर दसऱ्याला करायचो. आपल्या कंपनीतल्या मशिनींची पूजा व्हायची, मग घरी येऊन हिची. २०१४ ला गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर नाही जमलं." थोडं थांबून म्हणाले, "तेरा वर्षं केली मी."

म्हणजे सायकल २४ वर्षं पडून नव्हती. तेरा वर्षं तिची निगा राखली जात होती, फक्त चालवणारा नव्हता. जे बिघडलं ते नंतरच्या दहा-अकरा वर्षांत. यावर काय बोलायचं मला सुचलं नाही. मी छर्रे मोजायला लागलो. मधल्या एक्सलला पाव इंचाचे ११ आणि ११, मागच्या हबला त्याच मापाचे ९ आणि ९, पुढच्या हबला ३/१६ चे १० आणि १०. एकूण ६०. कप आणि कोन चांगले असतील तर छर्रे मात्र सगळे नवे घालायचे, जुने-नवे मिसळायचे नाहीत. साठ छर्ऱ्यांना पैसे ते किती लागणार.

२७ बाय सव्वाचे टायर शोधायला मी पुढचं चाक खांद्याला लावून निघालो. शनिवारी सकाळी साडेअकराची स्लो, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे, आणि डब्यातला प्रत्येक माणूस चाकाबद्दल मत देणारा. जांभळी नाक्याकडच्या गल्ल्यांत दोन ठिकाणी नकार आला. शेवटी मिळाले ते उलट्या दिशेला, कल्याणात, एका जुन्या दुकानात. तिथल्या काकांनी चाक हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाले, "आउट आहे. सहा आऱ्या बदलाव्या लागतील. ओव्हरऑइल करायचंय का?"

ओव्हरऑइल! हा शब्द मी पंचवीस वर्षांनी ऐकला. लहानपणी आम्ही सगळे हेच म्हणायचो, तो मूळचा ओव्हरहॉल आहे हे इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं आणि तेव्हा स्वतःचंच हसू आलं होतं. आता वाटतं, आपला शब्दच बरोबर होता. सगळं खोलायचं, पुसायचं, तेल घालायचं, परत लावायचं.

चेनबद्दलही बाबांचं माप आहे. स्टीलची पट्टी लावून १२ इंच मोजायचे, पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत. नवी चेन बरोबर १२ भरते. एक अष्टमांश इंच जास्त भरली की चेनही गेली आणि बहुतेक मागचे दातेही गेले. आमची इतकी गंजली होती की मोजायची गरजच नव्हती, पण दाते धारदार झालेले नव्हते म्हणून फ्रीव्हील वाचलं, डिझेलने धुऊन तेल घातल्यावर टिकटिकायला लागलं. चेन घेताना गिअरची मागा. साध्या सायकलची रुंद असते, १/८ ची, गिअरची ३/३२.

फ्रिजवरच्या कागदावर शेवटी असा हिशोब झाला. टायर ८००, ट्यूब ३००, चेन २८०, ब्रेकची रबरं १२०, ब्रेकच्या आणि गिअरच्या वायरी २६०, छर्रे १४०, कॉटर पिना ४०, ग्रीस १२०, आऱ्या आणि आउट काढायची मजुरी २५०, हॅन्डलची टेप २५०, पॉलिश पेपर आणि डिझेल ९०. एकूण २६५०. रंग दिला नाही. बायको म्हणाली दिसायला बरी दिसेल, पण मी आणि बाबांनी एका सुरात नाही म्हटलं. आधी थांबण्यावर खर्च, मग चालण्यावर, उरलं तर दिसण्यावर. क्रोमवरचा गंज पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलला पाणी लावून घासला तर पुष्कळ निघतो, तेवढं केलं.

रविवारी सकाळी सहाला बाहेर काढली. मानपाडा रोडने काटई, तिथून पाइपलाइनच्या रस्त्याने खोणी, नेवाळी नाका आणि मग मलंगगडाच्या पायथ्याकडे. नाक्यानंतर डोंगर समोर येतो आणि रस्ता हळूहळू चढायला लागतो. तिथे दम लागला तो सायकलला नाही, मला. एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. स्टीलच्या रिमवर पाणी पडलं की रबरी ब्रेक नीट धरत नाहीत, सायकल थांबायला बरंच अंतर लागतं. म्हणून पावसात ही काढायची नाही असं ठरवलंय.

परत आलो तेव्हा बाबा गॅलरीत उभे होते. वरूनच विचारलं, "आवाज येतोय का कुठे?"

"नाही."

"चेन उतरली?"

"एकदा. चढावर, गिअर टाकताना."

"गिअरची वायर ताणली असणार. नवीन वायर ताणते पहिल्या आठवड्यात. वर आण, बघू." मग थोड्या वेळाने, "आणि घंटी कुठाय? घंटी लावली नाहीस."

खरंच विसरलो होतो. संध्याकाळी जाऊन ६० रुपयांची घंटी आणली, बायकोने कागदावर २७१० केलं. पुढच्या महिन्यात आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये जातोय, चौथा मजला, लिफ्ट आहे, गॅलरीत सायकल मावते हे मोजून आलोय. बाबांनी ग्रीसचा उरलेला डबा स्वतःच्या सामानात बांधलाय. मी कॅलेंडरात दसरा कधी आहे ते बघून ठेवलंय.