हिरवा, लाल आणि... राखाडी!

बी.ई. प्रोजेक्टचा विषय विचारला की आमच्या वर्गात उत्तरं मोठी भारदस्त यायची. कुणी चेहरे ओळखतंय, कुणी शेअरबाजाराचं भाकीत करतंय. आमचं उत्तर असायचं, "वेबसाइट चालू आहे की बंद ते दाखवणारा डॅशबोर्ड आहे ना, त्याच्यातलं स्टेटस नीट करतोय." समोरचा दोन सेकंद थांबायचा आणि विचारायचा, "म्हणजे रंग बदलताय? बस्स?"

तर मंडळी, बस्स, एवढंच! पण त्या 'एवढंच'ने आमचं एक अख्खं सेमिस्टर खाल्लं.

हा डॅशबोर्ड आमच्या आधीच्या दोन बॅचनी मिळून बनवलेला. काम साधं. एक छोटा प्रोग्राम दर पाच मिनिटांनी आपल्या ३८ पानांचं दार वाजवतो: लायब्ररी, निकाल, परीक्षा फॉर्म, मेसचं बिल वगैरे. पलीकडून एक आकडा येतो. २०० म्हणजे सगळं ठीक, ४०४ म्हणजे असं पानच नाही, ५०० म्हणजे सर्व्हरच्या पोटात दुखतंय, ५०३ म्हणजे आत्ता जमणार नाही, नंतर या. उत्तर यायला किती वेळ लागला तेही टिपलं जातं. आणि त्यावरून प्रत्येक पानापुढे एक गोल दिवा लागतो, हिरवा, पिवळा किंवा लाल.

आता या दिव्याचं कुणाला काय पडलंय, असं मलाही वाटायचं. मग फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी हॉस्टेलमधल्या एका मैत्रिणीचा फॉर्म काही केल्या जाईना. दुपारभर खटपट करून ती ऑफिसात गेली. तिथे स्क्रीनवर आपला हा डॅशबोर्ड. "साइट चालू आहे की. हे बघा, हिरवं दिसतंय. तुमच्या नेटचा प्रॉब्लेम असेल." विषय संपला. लेट फी भरावी लागली ती वेगळीच, पण तिला जास्त लागलं ते हे, की आपण प्रत्यक्ष समोर उभं राहून सांगतोय त्यापेक्षा एका ठिपक्यावर विश्वास जास्त!

झालं असं होतं की पान उघडत होतं, पण त्यावर फॉर्मऐवजी 'डेटाबेस जोडला जात नाही' अशी एक ओळ येत होती. आकडा मात्र २००. म्हणजे पोस्टमन अगदी वेळेवर आला, सही घेऊन गेला, पण पाकीट रिकामं. डॅशबोर्डने फक्त पोस्टमन बघितला.

कोड उघडल्यावर कळलं की दुखणं याहून खोल आहे. 'हे पान ठीक आहे का?' हा निर्णय एका जागी होतच नव्हता. तो पाच जागी होत होता! मुख्य यादीत एक इफ-एल्स, पानाच्या तपशिलात दुसरं, वरच्या बेरजेत तिसरं, मेल पाठवताना चौथं आणि आठवड्याच्या रिपोर्टमध्ये पाचवं. यादीच्या मते ३ सेकंदांच्या वर उशीर म्हणजे पिवळा, तपशिलाच्या मते ५ च्या वर. त्यामुळे ४ सेकंद घेणारी लायब्ररी बाहेर पिवळी आणि आत शिरलं की हिरवी. कहर म्हणजे डेटाबेसमध्ये निरीक्षण नाही, रंगच साठवलेला! मागच्या महिन्यात पान का लाल होतं ते विचारायला गेलं तर उत्तर, 'लाल होतं म्हणून लाल.'

याला उपाय म्हणून जे करायचं त्याला रिफॅक्टरिंग म्हणतात. मार्टिन फाउलर यांचं त्या नावाचं पुस्तक १९९९ साली आलं. कल्पना अशी की बाहेरून दिसणारं वागणं तसूभरही न बदलता आतली मांडणी सुधारायची. आम्ही पहिले दोन आठवडे कोडला हातच लावला नाही. जर्नलच्या उरलेल्या पानांवर तक्ता आखला: कुठला आकडा, किती सेकंद, आधी काय होतं, आणि पाचही जागा आज काय दाखवतात. मग एकच फंक्शन लिहिलं. त्याला निरीक्षण द्यायचं, ते एक शब्द देणार: ठीक, मंद, बंद. त्या शब्दाला कुठला रंग आणि मेल जाणार की नाही, हे दुसऱ्या छोट्या तक्त्यात. पानांनी स्वतः काही ठरवायचं नाही, फक्त विचारायचं. एकेक जागा नव्या फंक्शनला जोडायची आणि जर्नलशी ताडून बघायची. ३ की ५ हा घोळही लगेच मिटवला नाही. आधी तो आहे तसाच एका जागी आणला आणि मग वेगळ्या दिवशी, सरांना विचारून, ३ केला. दोन्ही कामं एकत्र केली असती तर काही बिघडल्यावर कशामुळे बिघडलं ते कळलंच नसतं.

पहिल्या रिव्ह्यूला सरांनी विचारलं, "दिसायला काय बदललं?" आम्ही म्हणालो, "काहीच नाही सर." "मग मार्क कशाचे देऊ?" यावर उत्तर कुणाला माहीत असेल तर जरूर कळवावे!

दिवाळीत मी घरी गेले, वाशिंदला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कल्याणहून कसाऱ्याकडे निघालात की खडवलीनंतर आणि आसनगावच्या आधी. तपासणीचा प्रोग्राम माझ्याच लॅपटॉपवर चालू होता. संध्याकाळी लाइट गेली, राउटर मेला, लॅपटॉप बॅटरीवर चालूच. पुढच्या फेरीत ३८ च्या ३८ दिवे लाल! आणि लाइट आल्याबरोबर साठलेले ३८ मेल एकदम सुटले. हॉस्टेलवरून पार्टनरचा फोन, "अगं, अख्खं कॉलेज बंद पडलंय का?" कॉलेज व्यवस्थित होतं. बंद पडलं होतं ते आमचं घर.

फराळाला काका आले होते. ते रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेत. त्यांनी चकली मोडत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, तुला दिसलं नाही आणि ते बंद आहे, यात फरक आहे की नाही?"

"पण काका, तुमच्या सिग्नललाही दिसलं नाही तर तो लालच होतो ना?"

मग त्यांनी ट्रॅक सर्किट समजावलं. रुळांच्या एका तुकड्यातून हलका करंट सोडलेला असतो. तो पलीकडच्या रिलेपर्यंत पोचला तर रूळ मोकळा. गाडी आली की चाकं आणि आस करंटला आडवाटेने वळवतात, रिले पडतो, सिग्नल लाल. गंमत म्हणजे रूळ तुटला, वायर निघाली, बॅटरी उतरली तरी रिले पडतोच. म्हणजे हिरव्याला पुरावा लागतो, लालला लागत नाही. अमेरिकेतल्या विल्यम रॉबिन्सन यांनी याचं पेटंट १८७२ मध्ये घेतलं. दीडशे वर्षांपूर्वी!

"पण आमच्या लालचा अर्थ एकच, थांब," काका म्हणाले. "मोटरमनने थांबायचं, कारण काही असो. तुझा लाल बघून माणूस काय करणार?"

यावर मी गप्प. आमचा लाल बघून सर्व्हर सांभाळणाऱ्याला रात्री उठवतात. विनाकारण ३८ वेळा उठवलं तर एकोणचाळिसाव्या वेळी, खरी आग लागली तरी, तो उठणार नाही. सिग्नलमध्ये तरी 'न दिसणं' आणि 'गाडी असणं' कायम एकच धरलंय का? ऑटोमॅटिक सिग्नलच्या खांबावर 'ए' अक्षराची पाटी असते. तो लाल असेल तर गाडी दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबते आणि मग अगदी सावकाश, समोर बघत पुढे जाते. लालबरोबर काय करायचं तेही नियमात लिहिलेलं आहे.

म्हणून आला आमचा राखाडी दिवा. अर्थ: 'मला माहीत नाही', आणि खाली 'शेवटचं कधी दिसलं' ती वेळ. ही काही आमची अक्कल नव्हे. नागिओस हे १९९९ मध्ये नेटसेंट नावाने सुरू झालेलं सॉफ्टवेअर. त्यात ०, १, २ म्हणजे ठीक, इशारा, गंभीर, आणि ३ म्हणजे अज्ञात. एकदा उत्तर चुकलं म्हणून लगेच बोंब मारत नाही, ठरलेल्या वेळा पुन्हा विचारतं. मोठ्यांचीही यात फजिती झालीय. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवणसेवा एका चुकीच्या कमांडमुळे कोलमडली आणि सुमारे दोन तास त्यांना स्वतःचा स्टेटस बोर्डच बदलता आला नाही. कारण तो बदलायची सोयही एस-थ्रीवरच अवलंबून होती!

राहता राहिला मैत्रिणीचा हिरवा दिवा. तिथे मला आमच्या तालुक्याचा आणखी एक बोर्ड आठवला. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा साठा रोज जाहीर होतो. पूर्ण साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर, त्यातला एकट्या भातसाचा ७,१७,०३७, म्हणजे जवळजवळ निम्मा. भातसा शहापूर तालुक्यात, तानसाही. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. आकडा खोटा नाही. तो मुंबईच्या नळासाठी मोजलेला आहे, पाड्यावरच्या हंड्यासाठी नाही. आमचा २०० सुद्धा असाच सर्व्हरच्या बाजूने मोजलेला होता. आता परीक्षा फॉर्मच्या पानावर प्रोग्राम 'आसन क्रमांक' हे शब्द आणि भरायची चौकट शोधतो. सापडलं तरच हिरवा. निर्णय एका जागी आणला होता म्हणून हे करायला एक दुपार पुरली. जुन्या कोडमध्ये पाच ठिकाणी लिहावं लागलं असतं आणि एक नक्की राहिलं असतं.

आता भांडण उरलंय पाचव्या रंगावरून. साइट मुद्दाम, आधी सांगून, दुरुस्तीसाठी बंद ठेवली तर लाल कशाला? त्यासाठी निळा केला आणि कोडमध्ये त्याचं नाव ठेवलं 'मेगाब्लॉक'. प्रश्न असा: ब्लॉक चारला संपणार असं जाहीर केलं आणि साडेचारलाही साइट आली नाही, तर त्या अर्ध्या तासाचा रंग कोणता? मी म्हणते चार वाजून एक मिनिटाला लाल. पार्टनर निळ्यावर ठाम आहे, म्हणतो थोडं इकडेतिकडे होणारच. पार्टनर दादरचा आहे. रविवारी कल्याणच्या पुढे तो कधी आलेला नाही.