छेदलेली रेघ

दक्षिण स्पेनमधील हेरेस येथील शेरीच्या कोठारांत पिंपांवर खडूच्या खुणा केलेल्या असतात. कोठारप्रमुखाने वास घेऊन आणि चाखून केलेल्या निवाड्याच्या त्या खुणा होत. तरुण, नितळ मद्याच्या पिंपावर एक तिरपी रेघ ओढली जाते. फ्लोर नावाच्या यीस्टच्या सायीखाली हे मद्य वाढेल, असे ते भाकीत असते. एखादे पिंप मात्र भाकीत मानीत नाही. साय विरते, मद्याला अनपेक्षित भरदारपणा येतो आणि मग तीच रेघ दुसऱ्या रेघेने छेदावी लागते. पालो कोर्तादो, म्हणजे छेदलेली काठी, हे शेरीच्या एका दुर्मिळ प्रकाराचे नाव या खुणेवरूनच रूढ झाले. पहिला निर्णय पुसला जात नाही. तो दुरुस्तीसह वाचावयाचा असतो.

वयाचा प्रश्न याहून अवघड आहे. सोलेरा पद्धतीत सर्वांत जुन्या पिंपांतून थोडेसेच मद्य काढले जाते आणि ती तूट त्याहून तरुण मद्याने भरली जाते. पिंप पूर्ण रिकामे कधीच होत नाही. परिणामी मद्याचे जन्मवर्ष सांगता येत नाही, सांगता येते ते सरासरी वय. परंपरा या संकल्पनेशी झगडणाऱ्या वाङ्मयाभ्यासकाला ही अडचण परिचित वाटेल.

2000 साली तेथील नियामक मंडळाने 20 आणि 30 वर्षांहून जुन्या शेरीसाठी दोन स्वतंत्र वर्ग निश्चित केले. कार्बन-14सारख्या चाचण्यांचा आधार घेतला जातो. तथापि मद्य चाखणाऱ्या समितीची मान्यताही आवश्यक असते. कारण वय म्हणजे गुण नव्हे. दशकानुदशके पाण्याचा अंश उडत जातो, तसा मद्याचा गंध गडद होतो, अक्रोडाची आणि जुन्या लाकडाची आठवण देऊ लागतो. पण त्याच प्रक्रियेत लाकडाचा कडवटपणाही साचतो. काही अतिवृद्ध मद्ये पेलाभर पिववत नाहीत, मात्र त्यांचे थोडे थेंब तरुण मद्याला खोली देतात. अभिजात म्हणून गौरविलेल्या कित्येक ग्रंथांची अवस्था अशीच असते. ते वाचले जात नाहीत, इतरांच्या लेखनात मुरलेले असतात. जुनेपणाचा आदर आणि आस्वादाची साक्ष यांत अंतर पडले, की मूल्यमापन हा केवळ उपचार उरतो.

एडगर ॲलन पो याच्या 1846 मधील अमोन्तियादो शेरीविषयीच्या प्रसिद्ध कथेतील फोर्तुनातो आपल्या पारखीच्या अभिमानापोटीच तळघरात उतरतो आणि भिंतीआड चिणला जातो. ज्या शेरीचा निवाडा करावयाचा, ती त्याच्या ओठांना लागतच नाही. हेरेसचा कोठारप्रमुख मात्र पुन्हा त्याच पिंपापाशी येतो, पुन्हा चाखतो. गरज पडल्यास स्वतःचीच रेघ सर्वांदेखत छेदतो.