पहिले साठ फूट

शर्यतीचा निकाल शेवटच्या खांबापाशीं लागतो अशी सर्वसामान्य समजूत आहे. आणि बहुतेक सर्वसामान्य समजुतींप्रमाणें तीही अर्धीच खरी आहे. ड्रॅग रेस म्हणजे पाव मैलाची, सुमारें 402 मीटरांची, सरळ धांव. तींत पहिल्या 60 फुटांचा वेळ निराळा मोजतात, आणि जाणते लोक शेवटच्या वेगाआधीं तो आंकडा पाहतात.

शेक्सपिअर शिकवीत पन्नाशी ओलांडलेल्या आमच्यासारख्या माणसाला हें ज्ञान कोठून झालें, असें वाचक विचारतील. पण आमच्या छत्रपति संभाजीनगरांत यंत्र ही परकी वस्तु राहिलेली नाहीं. 1985 सालीं वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, तेव्हांपासून येथल्या कित्येक घरांत वरणभाताबरोबर मोटारसायकलीची चर्चाही पानांत वाढली जाते. आमचा भाचा अशाच घरांत वाढला. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धांवपट्टीवर 2010 नंतरच्या दशकांत हौशी लोकांच्या ज्या शर्यती भरल्या, त्यांच्या वार्ता ऐकून त्यानें आपल्या गाडीचा कॅमशाफ्ट बदलला, आणि ‘मामा, आतां बघाच!’ असें आम्हांला बजावलें.

कॅमशाफ्ट हा इंजिनाचा द्वारपाल होय. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत तो एकदां फिरतो व आपल्या उंचवट्यांनीं झडपा उघडतो. झडप किती उचलावी, किती वेळ उघडी ठेवावी, हें त्या उंचवट्याच्या आकारावर ठरतें. भाच्याचा कॅम झडप फार वेळ उघडी ठेवणारा होता. इंजिन अतिशय जलद फिरत असतां आंत येणाऱ्या वायूला स्वतःचाच जोर असतो. दट्ट्या वर येऊं लागला तरी तो शिरतच राहतो, आणि उशिरा मिटणारी झडप लाभदायक होते. मंद गतींत हा जोर नसतो; आंत आलेला वायु दट्ट्या पुन्हां बाहेर लोटतो. सारांश, वरचें बळ मिळतें तें खालच्या बळाची किंमत देऊन.

सरावाच्या दिवशीं तेंच दिसलें. इंजिन कमी फिरवून क्लच सोडला तर गाडी गुदमरे; जास्त फिरवून सोडला तर मागचें चाक जागींच घसरे. शेजारची साधी गाडी तोंवर पुढें गेलेली असे. शेवटच्या टप्प्यांत भाच्याची गाडी खरोखर वाऱ्यासारखी गेली, पण गेलेला वेळ तिला परत आणतां आला नाहीं. एका वयस्क उस्तादांनीं सांगितलें, ‘मधला कॅम घाल, मागचें स्प्रॉकेट दोन दांत्यांनीं मोठें कर, आणि क्लच सोडायला शीक.’ सल्ला पोराला फिका वाटला. परंतु त्यानेंच वेळ सुधारला.

येथवर सारें गमतीचें. पुढें आम्हीं सहज विचारलें, ‘इतका सराव करतोस कोठें?’ तो म्हणाला, ‘मामा, पट्टी वर्षांतून एखादे वेळीं मिळते, रस्ता रोज आहे.’ त्याची आई रात्रीं दाराची कडी वाजेपर्यंत कां जागी असते, हें आम्हांला त्या वाक्यानें कळलें.

सरळ धांवेची हौस आपल्याकडे नवी नाहीं. शंकरपटांत हलक्या छकड्याला जुंपलेली बैलजोडी घड्याळाशींच धांवते. 2014 सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें बैलांच्या शर्यती बंद झाल्या; 2021 च्या डिसेंबरांत महाराष्ट्रांत त्यांना सशर्त परवानगी मिळाली; आणि 2023 च्या मे महिन्यांत न्यायालयानें राज्याचा कायदा वैध ठरविला. हौस मारतां येत नाहीं, तिला नियम लावतां येतात, हें समाजानें तेथें ओळखलें. बैलांसाठीं ज्यानें इतका झगडा केला, त्या समाजानें मुलांसाठींही महिन्यांतून एक सकाळ, एक कुंपण घातलेली पट्टी आणि एक रुग्णवाहिका मागावी. उपदेश आम्हीं भाच्याला पुष्कळ केला. जागा मात्र आम्हांला देतां आली नाहीं, आणि त्याला हवी होती ती जागाच.