ग्रँड कॅन्यनला गाडीतून, ऑडिओ ऐकत

आमची लेक अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सजवळ राहते. २०२५ च्या मे महिन्यात मी आणि आमचे हे तिच्याकडे होतो. लातूर-नांदेडकडून लेकरांकडे काही महिने राहायला जाणारे आईवडील आता घरोघरी आहेत. त्यातले बरेच जण ग्रँड कॅन्यनला जातात. म्हणून आम्ही कसे गेलो, काय अडलं, काय कामाला आलं, ते सांगते.

तिकडे जायला गाईडसकट बस मिळते. पण यांचे गुडघे दुखतात. बसच्या वेळेत चढणं-उतरणं त्यांना जमलं नसतं. लेकीने मग फोनवरचा ऑडिओ टूर घेतला. ॲप उतरवायचं, त्या भागाचा टूर विकत घ्यायचा आणि आपल्या गाडीने निघायचं. गाडी जशी पुढे सरकते तसं जीपीएसवरून फोनला ठिकाण कळतं आणि तिथली माहिती आपोआप ऐकू येते. खर्च वीस डॉलरच्या आसपास, आणि सगळ्या गाडीला एकच खरेदी पुरते. नको तिथे थांबायचं नाही, हवं तिथे तासभर बसायचं. आमच्या वयाला हे फार सोयीचं.

आदल्या रात्री घरच्या वायफायवर लेकीने नकाशा आणि सगळा आवाज फोनमध्ये साठवून घेतला. मग फोनचं नेटवर्क पूर्ण बंद करून पहिला भाग वाजतो का ते बघितलं. ही तपासणी नक्की करा. कॅन्यनच्या काठावर बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. तिथे गेल्यावर काही उतरवून घेऊ म्हटलं तर ते होत नाही.

पहाटे निघालो. सोबत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि भरपूर पाणी. फिनिक्स ते दक्षिण काठ सुमारे ३७० किलोमीटर. फिनिक्स समुद्रसपाटीपासून साधारण ३३० मीटरवर आहे, आणि कॅन्यनचा दक्षिण काठ २१०० मीटरवर. म्हणजे एका सकाळीत आपण महाबळेश्वरपेक्षाही बरंच वर जातो. वाटेत फ्लॅगस्टाफ गावात उतरलो तेव्हा मला थोडं चाललं तरी दम लागत होता. घाबरले, पण लेकीला बोलले नाही. अर्धा तास बसले, पाणी प्यायले, मग बरं वाटलं. ज्यांना बीपी किंवा दम्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना आधी विचारून जावं.

प्रवेशाला तेव्हा गाडीमागे ३५ डॉलर पडले. पावती सात दिवस चालते. आता मात्र नियम बदलला आहे. २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, सोळा वर्षं आणि त्यावरच्या पाहुण्याला ग्रँड कॅन्यनसह अकरा उद्यानांत वार्षिक पास नसल्यास माणशी १०० डॉलर जादा लागतात. दोघांचे २०० होतात. आईवडिलांना नेण्याआधी मुलांनी पासाचा हिशेब करून बघावा.

आम्ही डेझर्ट व्ह्यू ड्राइव्ह हा रस्ता धरला. कॅन्यनच्या काठाने पूर्वेकडे जाणारा हा सुमारे ३७ किलोमीटरचा रस्ता आहे. आम्ही पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलो. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि कॅन्यन येतो डाव्या हाताला. त्यामुळे प्रत्येक थांब्यावर वळताना समोरून येणारी वाहनं जाऊ देत उभं राहावं लागलं. उलट दिशेने, म्हणजे कॅमेरून गावाकडून आत आलात, तर थांबे उजव्या हाताला पडतात. गाडी चालवणाऱ्याला ते सोपं जातं. तुमचा टूर दोन्ही दिशांनी वाजतो का, हे मात्र घेण्याआधी बघा.

पहिली अडचण भाषेची आली. सांगणाऱ्याचं इंग्रजी भरभर होतं आणि सगळी मापं मैलांत आणि फुटांत. मी भूगोल शिकवण्यात आयुष्य घालवलंय, तरी पहिल्या भागातलं निम्मंच कळलं. यांना तर अजिबात नाही. लेक म्हणाली, "आई, प्रत्येक तुकडा संपला की मी बंद करते. तू बाबांना मराठीत सांग." तसंच केलं. सांगायचं असल्यामुळे मी जास्त लक्ष देऊन ऐकू लागले, आणि हेही प्रश्न विचारू लागले.

ग्रँडव्ह्यू पॉइंटवर पहिल्यांदा नीट उतरलो. खाली बघितलं आणि मी लेकीचा दंड घट्ट धरला. काठाला सगळीकडे कठडा नाही. दरी सुमारे १६०० मीटर खोल आहे आणि तळाची कोलोरॅडो नदी फारच थोड्या जागी दिसते. समोर जे सुटे उंच डोंगर उभे आहेत त्यांना विष्णू टेंपल, शिवा टेंपल, ब्रह्मा टेंपल अशी नावं आहेत. एकोणिसाव्या शतकात क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भतज्ज्ञाने इथल्या शिखरांना पूर्वेकडच्या देवांची नावं द्यायचा पायंडा पाडला. त्याचं पुस्तक १८८२ साली निघालं. हे मी सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "त्यातला विष्णूचा कोणता, ते दाखवा." मग लेकीने नकाशा उघडून तो डोंगर शोधून दिला. यांनी बराच वेळ तिकडेच बघितलं.

ग्रँडव्ह्यू सोडलं आणि आवाजच बंद पडला. फोन काचेला लावलेल्या स्टँडवर होता. वर ऊन, खाली चार्जिंग, जीपीएस सतत चालू. फोन तापला आणि थंड होईपर्यंत चालणार नाही अशी सूचना पडद्यावर आली. लेकीने गाडी थांब्यावर घेतली, फोनचं कव्हर काढलं, चार्जिंग काढलं आणि एसीच्या झोताजवळ सावलीत धरला. काही वेळाने तो सुरू झाला. तिथून पुढे फोन खालीच, सावलीत ठेवला. आपल्याला आवाज हवा असतो, पडदा बघायची गरज नसते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हातही हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मोरान पॉइंटला गाड्या उभ्या करायला जागा नव्हती. आम्ही पुढे गेलो, तर आवाज "आता समोर बघा" म्हणत होता आणि समोर नुसती झाडं. इथे एक सोय उपयोगी पडली. ॲपमध्ये सगळ्या भागांची यादी असते. हवा तो भाग हाताने पुन्हा लावता येतो. पुढच्या लिपन पॉइंटला जागा मिळाली तेव्हा मोरानचा भाग तिथेच बसून ऐकला. लिपनवरून नदी चांगली दिसते, त्यामुळे काही बिघडलं नाही.

तिथेच खडकांच्या थरांची माहिती आली. आपण उभे असतो तो सगळ्यात वरचा चुनखडीचा थर सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा, समुद्रात साठलेला. तळाशी काळपट खडक आहे, विष्णू शिस्ट नावाचा. तो सुमारे १७५ कोटी वर्षांपूर्वीचा. मी यांना सांगितलं, आपल्या मराठवाड्याचा काळा दगड लाव्हाचा आहे आणि तो ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा. म्हणजे इथला सगळ्यात वरचा, सगळ्यात नवा थरसुद्धा आपल्या दगडाच्या कितीतरी आधीचा.

हे औसा तालुक्यातले. त्यांनी विचारलं, "मग आपल्या काळ्या दगडाच्या खाली काय आहे?" त्याचं उत्तर मला माहीत होतं, कारण वर्गात मी ते दरवर्षी सांगायचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल भोक घेऊन खडकाचे नमुने काढले. वरचे ३३८ मीटर काळा दगड निघाला, मग गाळाच्या खडकाचा पातळ थर आणि त्याखाली अतिप्राचीन खडक. इथे नदीने जे उघडं करून ठेवलंय ते आपल्याला यंत्र लावून बघावं लागलं, तेही इतकी माणसं गेल्यावर. अनंत चतुर्दशीची ती रात्र आम्हा दोघांना आठवली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. यांच्या नात्यातली घरं त्यात गेली. लेकीने पुढचा भाग लावायला हात नेला आणि मागे घेतला. गाडी तिथे बराच वेळ उभी राहिली. बसमध्ये असतो तर हे शक्य नव्हतं.

लिपनच्या अलीकडे रस्त्यालगत तुसायान नावाची जुनी वस्ती आहे. सुमारे ८०० वर्षांपूर्वी तीसेक माणसं तिथे राहत होती. मका, घेवडा, भोपळा पिकवायची, सगळं पावसाच्या पाण्यावर. वीस-पंचवीस वर्षांत ती वस्ती उठली. आजचे होपी लोक त्यांच्या वंशातले. कोरडवाहू शेतीत जन्म काढलेल्या माणसाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. हे सगळ्यात जास्त वेळ त्या दगडी पायांपाशी उभे होते.

शेवटी डेझर्ट व्ह्यूचा दगडी मनोरा. मेरी कोल्टर या बाईंनी तो उभारला, १९३२ मध्ये, सुमारे २१ मीटर उंच. आतली काही चित्रं फ्रेड काबोटी या होपी चित्रकाराची. तिथे नळावर बाटल्या भरताना मी लेकीला विचारलं, एवढ्या उंच कोरड्या काठावर पाणी येतं कुठून? दक्षिण काठाचं पाणी पलीकडच्या उत्तर काठाखालच्या झऱ्यातून येतं. सुमारे २० किलोमीटरची पाइपलाइन दरीत उतरते, नदी ओलांडते, आणि मग पाणी पंपाने वर चढवतात. ही लाइन १९६० च्या दशकातली. २०१० पासून ती ८५ पेक्षा जास्त वेळा मोठी फुटली आहे. २०२४ च्या ऑगस्टअखेर चार ठिकाणी फुटली, तेव्हा दक्षिण काठावरचा रात्रीचा मुक्काम काही दिवस बंद ठेवावा लागला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी आम्ही लातूरला भरलं आहे. मी बाटली अर्धीच भरली. मुक्काम करणार असाल तर निघण्याआधी पाण्याची स्थिती उद्यानाच्या सूचनांत बघून घ्या.

कॅमेरूनच्या रस्त्याला लागलो आणि यांच्या गोळीचा गजर वाजला. गोळीला अजून तासभर होता. लेकीने सांगितलं, ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण लगतच्या नवाहो लोकांच्या प्रदेशात करतात. फोन तिथल्या टॉवरला लागला की आपोआप एक तास पुढे जातो. औषधाच्या वेळा, विशेषतः इन्सुलिनच्या, त्या भागात मनगटी घड्याळावर पाळा.

परत आल्यावर दिवाळीत नांदेडला माहेरी गेले. भावाची नातवंडं लातूरपर्यंत गाडीत बसली की फोनमध्ये मान घालतात. मी ठरवलं, या रस्त्याचा ऑडिओ आपणच करू. ॲप-बिप काही नाही. फोनच्या रेकॉर्डरवर दोन-दोन मिनिटांचे तुकडे केले आणि प्रत्येकाला गावाचं नाव दिलं. शेजारी बसलेल्याने गाव आलं की तो तुकडा लावायचा. लोह्याच्या आधी राष्ट्रकूटांच्या कंधारचा किल्ला आणि जगत्तुंग तलाव. माळेगावला खंडोबाची जत्रा आणि घोडे, उंट, गाढवांचा बाजार. अहमदपूरला बालाघाटचे डोंगर, कारण नांदेड ३६० मीटरवर आणि लातूर ६३० च्या आसपास. आपण चढतोय हे गाडीत कुणाला कळत नाही.

करून बघितल्यावर काही गोष्टी समजल्या. पंखा बंद करून रेकॉर्ड करावं, नाहीतर गाडीच्या आवाजात शब्द लागत नाहीत. दोन मिनिटांपेक्षा मोठा तुकडा लेकरं ऐकत नाहीत. बाह्यवळणामुळे काही गावं आता दिसतच नाहीत, म्हणून गावाच्या पाटीऐवजी फाटा किंवा पूल सांगावा. आणि दोन तुकड्यांत पुष्कळ मोकळी जागा ठेवावी, लेकरांना प्रश्न तेव्हाच सुचतात.

आता लातूर ते औसा, खरोशाची लेणी आणि किल्लारी हा पट्टा राहिला आहे. तो यांच्या आवाजात करायचा आहे. त्यांनी होकार दिला आहे. मी कागदावर मुद्दे काढून दिले होते, ते त्यांनी बाजूला ठेवले आणि म्हणाले, आधी गावात जाऊन चार जुन्या माणसांना विचारून येतो, मग बोलतो.