संगणक बंद होत नाहीं तेव्हां

आमच्या शाळेंतील मुलांस संगणक सुरू करण्याची जेवढी घाई असते, तेवढीच तो बंद करण्याचीहि असते. तासाची घंटा झाली कीं कोणी पडदा तेवढा मालवितो, कोणी भिंतीवरचें बटण दाबतो, आणि एखादाच धीराचा मुलगा 'शट डाउन' म्हणून यंत्राचा रीतसर निरोप घेत बसतो. हा लेख त्या मुलासाठीं आहे. कारण सर्व रीतीनें केलें तरी यंत्र निरोप देत नाहीं, असेंहि केव्हां केव्हां घडतें. पडद्यावरचें गोल चक्र फिरत राहतें, किंवा फिरतां फिरतां थांबतें, आणि पुढें कांहींच होत नाहीं. बाजारांत यास 'कम्प्युटर हँग झाला' असें म्हणतात.

गेल्या हिवाळ्यांत पोहरादेवी येथें आम्हांस या दुखण्याशीं एक संबंध शनिवार झुंजावें लागलें. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांतील हें गांव बंजारा समाजाची काशी म्हणून प्रसिद्ध आहे. जगदंबा देवीचें मंदिर व संत सेवालाल महाराजांची समाधि येथें असून रामनवमीच्या यात्रेस महाराष्ट्रांतूनच नव्हे, तर तेलंगण व कर्नाटकांतूनहि लोक लोटतात. तेथील नव्या नंगारा वस्तुसंग्रहालयाचें उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं पंतप्रधानांच्या हस्तें झालें, हें वाचकांस ठाऊक असेलच. या गांवांत आमचा एक जुना विद्यार्थी झेरॉक्स काढणें, फोटो छापणें, लोकांचे सरकारी अर्ज भरून देणें असें लहानसें दुकान चालवितो. त्याचा फोन आला, "सर, कम्प्युटर रात्रीं बंदच होत नाहीं. मिनिटभर बघतो आणि मेन स्विच पाडून घरीं जातो."

दुकानाचे कागद गेले तर ते पुन्हां करतां येतात. त्याला धास्ती होती ती निराळीच. त्याच यंत्रांत त्याच्या आजीच्या आवाजांतील ४१ गाणीं होतीं. त्यांत होळीच्या लेंगी होत्या, लग्नांतलीं गाणीं होतीं. बंजाऱ्यांच्या गोरबोलीस स्वतःची लिपि नाहीं. महाराष्ट्रांत ती देवनागरींत लिहितात, तेलंगणांत तेलुगू लिपींत. पण या आजीनें आपलें गाणें कधीं कोणत्याच लिपींत उतरविलें नव्हतें. ज्या मोबाइलवर तीं गाणीं घेतलीं तो पुढें फुटला, आणि आजीहि वर्षापूर्वीं वारली.

म्हणून दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं आम्हीं दोन पेन ड्राइव्ह मागविले व सर्व गाणीं दोन्हींवर उतरून घेतलीं. दुखणें कितीहि किरकोळ दिसो, नक्कल घेतल्यावांचून यंत्रास हात लावूं नये, असा आमचा हट्ट आहे. नक्कल करून एकेक गाणें वाजवून पाहूं लागलों, तेव्हां ३८ वाजलीं आणि तीन वाजलीं नाहींत. फाइलीस नांव होतें, आकार होता. आंत आवाज मात्र नव्हता.

त्यानें सांगितलें कीं, रात्रीं दुकान आवरतांना गाण्याच्या आरंभींचा खोकला व भांड्यांचा आवाज कापून तो फाइल पुन्हां सेव्ह करीत असे, आणि लगेच यंत्र बंद करावयास लावीत असे. यावरून उलगडा झाला. फाइल सेव्ह केली म्हणजे ती तत्क्षणीं चकतीवर उतरतेच असें नाहीं. प्रणाली ती कांहीं वेळ स्मृतींत राखून सवडीनें उतरविते. विंडोजची मांडणी कोणती फाइल कोठें व केवढी याची खतावणी मोठ्या दक्षतेनें जपते. म्हणून वीज गेली तरी नांवें व आकार बहुधा शाबूत राहतात. फाइलीच्या पोटांतील ऐवजास मात्र तसें संरक्षण नसतें.

यंत्र बंद होणें म्हणजे दिवा मालवणें नव्हे, हें येथें ध्यानांत यावें. आज्ञा होतांच प्रणाली प्रथम प्रत्येक उघड्या प्रोग्रॅमला विचारते कीं, तुझें काम आटोपलें काय? मग पडद्यामागें निमूटपणें चालणाऱ्या सेवांस थांबण्याची सूचना जाते. स्मृतींत राहिलेला ऐवज चकतीवर उतरविला जातो, प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरास निरोप जातो, आणि सर्वांच्या शेवटीं वीज पुरविणाऱ्या पेटीस सांगणें जातें कीं, आतां प्रवाह तोड. एखादी सेवा ऐकेनाशी झाली तर प्रणाली थोडें थांबून तिला बाजूस सारूं शकते. आजच्या विंडोजमध्यें ही मुदत साधारणतः ५ सेकंदांची असते. ड्रायव्हराची गोष्ट वेगळी. तो प्रणालीच्या गाभ्यांतच बसलेला असतो, आणि तो अडून बसला कीं घरचा धनीच दारांत अडल्यासारखें होतें.

पूर्वीं हा शेवटचा निरोप यंत्राकडे नव्हताच. १९९५ सालच्या विंडोजमध्यें काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरें उमटत कीं, आतां संगणक बंद करण्यास हरकत नाहीं; मग माणूस उठून बटण दाबी. पुढें विजेची पेटीच प्रणालीच्या हुकमांत आली व माणसाचें तें काम गेलें. त्यानंतर १९९९ च्या विंडोज ९८ दुसऱ्या आवृत्तींत बंद होतांना अडकण्याची तक्रार इतकी बोकाळली कीं, मायक्रोसॉफ्टला तेवढ्यासाठीं स्वतंत्र पुरवणी काढावी लागली. त्या वेळीं सांगितलेल्या कारणांत एक मोठें गमतीचें होतें. बंद होतांना वाजणाऱ्या सुरांची फाइल बिघडलेली असली तरी यंत्र अडत असे. निरोपाचें गाणें विसरलें म्हणून पाहुणा उंबऱ्यावरच खोळंबला, असाच तो प्रकार!

आतां आमच्या रोग्याकडे वळूं. वैद्याप्रमाणें पहिला प्रश्न, केव्हांपासून? "दिवाळीपासून, सर." दिवाळीस त्यानें नवा प्रिंटर आणला होता, म्हणून पहिला संशय त्यावर गेला. माउस व कीबोर्ड यांखेरीज सर्व तारा काढल्या. तरी यंत्र अडलेंच. प्रिंटर निर्दोष सुटला. पण दिवाळीच्या सुमारास आणखी एक गोष्ट घडली होती. विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, त्यामुळें त्यानें जुन्या प्रणालीवरच ११ वी आवृत्ति चढविली होती. म्हणजे घर नवें, पण अडगळ सगळी जुनी.

दुसरी परीक्षा 'रीस्टार्ट'ची. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हटलें तरी यंत्र बहुधा पुरतें बंद होत नाहीं. लौकर सुरू होतां यावें म्हणून गाभ्याची अवस्था चकतीवर ठेवून तें झोंपी जातें. या सोयीस 'फास्ट स्टार्टअप' म्हणतात. 'रीस्टार्ट'मध्यें मात्र गाभा खराखुरा बंद होऊन नव्यानें उभा राहतो. तेव्हां 'रीस्टार्ट' सुरळीत होऊन केवळ 'शट डाउन' अडत असेल, तर या सोयीवरच संशय घ्यावा व ती काढून टाकावी. आमच्या यंत्राचें दोन्हींकडे सारखेंच घोडें अडे. मग त्यास 'सेफ मोड'मध्यें, म्हणजे अगदीं अत्यावश्यक तेवढ्याच सामग्रीवर सुरू केलें व बंद केलें. तत्काळ बंद झालें! आम्हांस हायसें वाटलें. चकती, पेटी व प्रणाली यांचा पाया ठीक होता. खोडी मागाहून आलेल्या कोणा आगंतुकाची होती.

त्या आगंतुकांस शोधण्याची रीत मुलांनीं नीट पाहावी. 'सिस्टिम कॉन्फिगरेशन'च्या यादींतून मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपविल्या, तेव्हां २२ उरल्या. एकेक तपासावी तर बावीस फेऱ्या. आणि प्रत्येक फेरींत यंत्र सुरू करा, बंद करा, अडलें तर घड्याळ लावून १० मिनिटें थांबा, तरीहि न हललें तर नाइलाजानें पॉवरचें बटण दाबून धरा. त्याऐवजीं आम्हीं निम्म्या, म्हणजे ११ मिटविल्या. यंत्र नीट बंद झालें, तेव्हां चोर त्या अकरांत आहे हें ठरलें. मग त्यांतील निम्म्या, पुन्हां निम्म्या, अशा पांच फेऱ्यांत एकच सेवा हातीं राहिली. गणिताच्या तासास 'हें शिकून उपयोग काय?' असें विचारणाऱ्यांस आम्ही पोहरादेवीचा हा हिशेब दाखवूं. मध्यें लाइट गेली, तेवढा वेळ चहांत गेला.

ती सेवा होती एका जुन्या डोंगलची. मोबाइलवरून इंटरनेट घेण्याची सोय दुकानांत नव्हती, त्या वेळीं त्यानें तें घेतलें होतें. दोन वर्षांपूर्वीं विकूनहि टाकलें. उपकरण गेलें, पण त्याची सेवा दररोज सकाळीं उठून आपला ड्रायव्हर उभा करीत होती, आणि रात्रीं जें आतां घरांतच नाहीं त्याच्या उत्तराची तो वाट पाहत बसे, असा आमचा तर्क आहे. जुन्या प्रणालींत हें कसेंबसें निभावलें, नव्या आवृत्तीशीं त्याचें जमलें नाहीं. अॅप्सच्या यादींतून तें सॉफ्टवेअर काढून टाकलें, बाकीच्या २१ सेवा पुन्हां चालू केल्या, प्रिंटर जोडला, आणि लागोपाठ तीनदां यंत्र बंद करून पाहिलें. तिन्ही वेळां १४-१५ सेकंदांत तें शांत झालें.

ज्यांच्या घरीं असा प्रकार असेल त्यांस एवढेंच सांगतों कीं, स्विच पाडण्यापूर्वीं यंत्रावरील चकतीचा बारीक दिवा पाहावा. तो लुकलुकत असेल तर यंत्र अडलेलें नसून कामांत आहे, त्यास अवधि द्यावा. विशेषतः पडद्यावर अपडेट चालू असल्याची सूचना असतां घाई करणें फार महागांत पडतें.

त्या तीन गाण्यांचें मात्र कांहीं करतां आलें नाहीं. हरवलेल्या फाइली परत मिळविण्याचीं साधनें आम्हीं चालवून पाहिलीं. पण जें चकतीवर कधीं उतरलेंच नाहीं तें त्यांस कोठून सांपडणार? संध्याकाळीं त्याची आई, जिला तो 'याडी' म्हणतो, दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. कोणतीं गाणीं गेलीं तें तिनें विचारून घेतलें. एक तिला पुरें येत होतें. दुसऱ्याचीं दोन कडवीं म्हणून ती थांबली व म्हणाली, "पुढचं माझ्या नणंदेला येतं, गुरुजी. ती तेलंगणांत दिली आहे, रामनवमीला येते." तिसऱ्याची चाल तिला आठवली, शब्द आठवेनात. मुलानें मोबाइल तिच्यापुढें धरून तें पहिलें गाणें घेतलें, खोकल्यासकट. कापायचें नाहीं असें त्यानें आपणहून ठरविलें होतें. मग त्याच रात्रीं तें दोन्ही पेन ड्राइव्हवर उतरविलें, एक याडीच्या पेटींत गेला, आणि दुसरा आम्हीं खिशांत घालून शेवटची बस गांठली.