बंद कुणी केलं?

मराठी माणसाला ‘बंद’ हा शब्द तोंडावर आणायला जडच जातो. जुना दुकानदार रात्री दुकान बंद करत नाही, ‘वाढवतो’. बाईच्या हातातली बांगडी फुटत नाही, ‘वाढते’. देवापुढचा दिवाही आपण विझवत नाही, तो ‘शांत’ करतो. पण आमच्या सीमाभागात या शब्दाची आणखी एक ओळख आहे. कुणीतरी बंद पुकारला की बाजारपेठेतली शटरं खाली येतात. खाली म्हणजे किती खाली, ते मात्र ज्याचं त्याला ठाऊक. एकाचं शटर जमिनीला टेकून त्याला कुलूप लागलेलं असतं, दुसऱ्याचं गुडघ्याइतकं वर असतं आणि ओळखीचं गिऱ्हाईक वाकून आत जाऊन पावशेर साखर घेऊन येतं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोन्ही दुकानं ‘कडकडीत बंद’च असतात!

यंत्रांच्या जगातही ‘बंद’चे असे प्रकार असतात, हे मला वयाच्या पन्नाशीत एका विद्यार्थिनीमुळे कळलं. मी मराठीचा एम.ए. संगणकाशी माझा संबंध म्हणजे मुख्याध्यापक या नात्याने प्रयोगशाळेच्या बिलांवर सही करण्यापुरता. तरीही जे समजलं ते वाचकांना सांगावंसं वाटतं, कारण त्यात भाषेचा आणि दुभाष्याचा प्रश्न आहे, आणि तो आपल्या घरोघरचा आहे.

माझ्या लहानपणी घरात एक रेडिओ होता. त्याची डावीकडची गुंडी ‘टक्’ करून फिरवली की धारवाडचं कन्नड किंवा सांगलीचं मराठी ऐकू यायचं, आणि उलट फिरवली की सारं गप्प. त्या गुंडीत आणि विजेच्या तारेत तिसरं कुणी नव्हतं. गुंडीने प्रवाह तोडला की रेडिओ बंद, विषय संपला. शिवाय तो रेडिओ फक्त ऐकणारा होता. आजच्या लॅपटॉपमधला आणि मोबाइलमधला रेडिओ ऐकतो तसा बोलतोही. वायफाय, ब्लूटूथ म्हणजे छोटी प्रक्षेपण केंद्रंच आहेत. त्यांची ताकद थोडी, साधारणपणे एका वॅटच्या दहाव्या भागाच्या आसपास. पण प्रक्षेपण ते प्रक्षेपणच. ऐकणारा गप्प बसला काय नि न बसला काय, इतरांना त्याचा त्रास नसतो. बोलणाऱ्याला गप्प करण्याची सोय मात्र ठेवावीच लागते. विमानात, काही रुग्णालयांत, परीक्षेच्या दालनात, किंवा नुसती बॅटरी वाचवायची असली तरी.

आता ती हकिकत. २०२१ सालचा जून संपत आला होता. शाळा बंद, तास मोबाइलवर. त्या वर्षीची आमच्या राज्याची दहावीची परीक्षा जुलैच्या १९ आणि २२ तारखेला, केवळ दोन दिवसांत, पर्याय निवडण्याच्या पद्धतीने व्हायची होती. आमची एक विद्यार्थिनी तोंडाला मास्क लावून आईबरोबर शाळेच्या फाटकाशी आली. घरात मोबाइल एकच, आणि तो घेऊन थोरला भाऊ सकाळी सातला फौंड्रीत कामाला जाई. म्हणून मामाने पुण्याहून आपला जुना लॅपटॉप पाठवला होता. मामा हौशी, त्याने त्यात लिनक्स घालून दिलं होतं. शेजारच्यांनी वायफाय वापरायला दिलं होतं. सगळं जमून आलेलं, पण लॅपटॉपला वायफायच लागेना. पडद्यावर एकच वाक्य येई: वायरलेस हार्डवेअरच्या खटक्याने बंद केलेलं आहे.

आई म्हणाली, “सर, कार्ड गेलंय म्हणून सांगितलंय दुकानदारानं. साडेतीन हजार पडतात म्हणे.” ती माउली घरी शिलाई करते. त्या दिवसांत लग्नं नव्हती, त्यामुळे ब्लाउज नव्हते, त्यामुळे पैसेही नव्हते. मुलगी हळूच म्हणाली, “सर, खटका कुठं आहे तेच गावंना झालंय. सगळ्या बाजूंनी बघितलं.”

आमचे संगणकाचे शिक्षक त्या दिवशी सुदैवाने शाळेत होते. त्यांनी लॅपटॉप सर्व बाजूंनी फिरवून पाहिला. खरोखरच खटका नव्हता. त्या बनावटीला तो कधी बसवलेलाच नव्हता! मग त्यांनी एक काळी खिडकी उघडली, ‘आरएफकिल लिस्ट’ अशी दोन शब्दांची आज्ञा टाइप केली आणि मला जवळ बोलावून पुढचा तासभर जे शिकवलं, ते मला समजलं तसं सांगतो.

लॅपटॉपमधल्या कार्यप्रणालीची म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची एक भाषा असते, आणि आत बसवलेल्या प्रत्येक कार्डाची आपापली वेगळी. या दोघांमध्ये जो दुभाष्या बसतो त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. आपण ड्रायव्हर म्हटलं की एस.टी.चा समजतो, हा ड्रायव्हर मात्र गाडी चालवण्यापेक्षा निरोप पोचवण्याचंच काम जास्त करतो. आपण पडद्यावर विमानाचं चित्र दाबलं की कार्यप्रणाली सांगते, “सगळे रेडिओ गप्प करा.” वायफायचा ड्रायव्हर ते आपल्या कार्डाला त्याच्या भाषेत सांगतो, ब्लूटूथचा आपल्या कार्डाला. कार्ड प्रक्षेपण थांबवतं. लिनक्समध्ये हे काम सांभाळणारा जो भाग आहे त्याचं नाव ‘आरएफकिल’. तो इव्हो व्हॅन डोर्न या प्रोग्रामरने २००६-०७ च्या सुमारास लिहिला, आणि २००९ साली योहानेस बेर्ग याने नव्याने रचला.

या आरएफकिलने ‘बंद’चे दोन प्रकार मानले आहेत. पहिला ‘सॉफ्ट ब्लॉक’, म्हणजे आज्ञेने बंद. ज्या प्रोग्रामला अधिकार आहे तो ही आज्ञा देऊ शकतो आणि मागेही घेऊ शकतो. दुसरा ‘हार्ड ब्लॉक’, म्हणजे खटक्याने बंद. पूर्वी पुष्कळ लॅपटॉपांच्या कडेला एक सरकता खटका असे. वायफायचं कार्ड ज्या खाचेत बसतं तिच्यात एक खास पिन असते. जुन्या मिनी पीसीआय एक्स्प्रेस खाचेत ती विसावी. खटका सरकवला की त्या पिनेवरून कार्डाला गप्प राहण्याचा इशारा जातो. हा ब्लॉक सॉफ्टवेअरला फक्त वाचता येतो, बदलता येत नाही. कार्यप्रणालीने कितीही आज्ञा केल्या तरी खटका उघडत नाही. ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे, म्हणजे शेवटचा शब्द माणसाच्या बोटाचा राहतो.

बँकेचा लॉकर दोन किल्ल्यांनी उघडतो, एक बँकेची, एक आपली. इथेही तसंच. आज्ञा आणि खटका दोन्ही मोकळे असतील तरच रेडिओ बोलतो. दोहोंतल्या एकाने अडवलं तरी तो गप्प.

खटका सरकवल्याची वर्दी ड्रायव्हरला कशी मिळते, तेही मजेचं आहे. काही कार्डं स्वतः हाक मारतात, “खटका पडला हो!” मग ड्रायव्हर ती बातमी आरएफकिलला देतो, आरएफकिल ती सगळ्यांना कळवतो आणि पडद्यावरचं चिन्ह पुसट होतं. काही कार्डं मात्र मुखदुर्बळ असतात. ती आपणहून काही बोलत नाहीत, म्हणून दर काही सेकंदांनी ड्रायव्हरलाच जाऊन विचारावं लागतं. आमच्या वर्गांचंही असंच आहे. एका वर्गाचा मॉनिटर धावत येऊन सांगतो, “सर, आमच्यात कुणी शिकवायला आलं नाही.” दुसऱ्या वर्गात मला फेरी मारून बघावं लागतं.

आता त्या मुलीच्या लॅपटॉपचं दुखणं. यादीत वायफायसाठी दोन नोंदी निघाल्या. एक खुद्द कार्डाची: आज्ञेने बंद, नाही; खटक्याने बंद, नाही. म्हणजे कार्ड ठणठणीत, बोलायला तयार. दुसरी नोंद होती लॅपटॉपच्या बनावटीसाठी असलेल्या वेगळ्या ड्रायव्हरची. कंपनीची खास बटणं, खटके सांभाळणारा हा दुसरा दुभाष्या. तो म्हणत होता: खटक्याने बंद, होय! झालं होतं असं की, हा ड्रायव्हर मशीनच्या पोटातल्या फर्मवेअरला विचारत होता, “खटका कुठल्या बाजूला आहे?” खटकाच नसलेलं मशीन त्यावर काय सांगणार? उत्तर आलं शून्य. आणि ड्रायव्हरच्या कोशात शून्याचा अर्थ होता ‘बंद’. ‘मला खटकाच नाही’ याचा तर्जुमा त्याने ‘खटका बंद आहे’ असा केला, आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रोग्रामने त्यावर विश्वास ठेवला.

हे एकाच मशीनचं नव्हे. त्या बनावटीच्या अनेक मॉडेलांत असं घडलं. प्रोग्रामरांनी ‘या मॉडेलाला खटका नाही’ अशी यादी ड्रायव्हरमध्येच ठेवली. नवं मॉडेल आलं की यादीत एक ओळ वाढायची. ती इतकी लांबत गेली की शेवटी उलटी यादी करावी लागली: ज्यांना खरोखरच खटका आहे अशा मोजक्या मॉडेलांची.

आमच्या शिक्षकांनी त्या दुसऱ्या ड्रायव्हरला, त्यांच्याच शब्दांत, ‘बिनपगारी रजेवर’ पाठवलं. म्हणजे मशीन सुरू होताना त्याला बोलवायचंच नाही, असं एका फायलीत एका ओळीत लिहून ठेवलं. लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि शाळेचं वायफाय लागलं. खर्च शून्य. मुलीची आई दोनदोनदा विचारत होती, “मग कार्ड चांगलंच होतं होय?” चांगलंच होतं. मुलगी जुलैत परीक्षेला बसली. त्या वर्षी जवळजवळ सगळेच उत्तीर्ण झाले, तेव्हा निकालाचं कौतुक सांगण्यात अर्थ नाही. पण उरलेल्या दिवसांतले गणिताचे तास तिने घरी बसून ऐकले, एवढं खरं.

त्या दिवसापासून मी ‘बंद’ या शब्दाकडे संशयाने बघतो. आता लॅपटॉपांच्या कडेचे खटके जवळपास नाहीसे झाले आहेत. विंडोज ८ मध्ये २०१२ साली सगळ्या रेडिओंसाठी मिळून एकच विमानाचं बटण आलं. कीबोर्डवरही विमानाच्या चित्राची कळ असते. ती खटक्यासारखी दिसते, पण बहुतेक ठिकाणी ती दाबणं म्हणजे एक अर्ज करणं असतं. अर्ज कार्यप्रणालीकडे जातो, तिथून ड्रायव्हरकडे, तिथून कार्डाकडे. मोबाइलचं तर विचारूच नका. अँड्रॉइडमध्ये २०१३ पासून अशी सोय आहे की वायफाय ‘बंद’ असतानाही, आपण कुठे आहोत हे ठरवण्यासाठी फोन आसपासची वायफाय केंद्रं हुडकू शकतो. ते थांबवायचं तर सेटिंगमध्ये दुसरीकडे जावं लागतं. आयफोनमध्ये २०१७ च्या आवृत्तीपासून कंट्रोल सेंटरमधलं वायफायचं बटण दाबलं की चालू जोडणी तेवढी तुटते, रेडिओ जागाच राहतो, आणि पहाटे पाच वाजता फोन आपणहून पुन्हा वायफाय जोडायला मोकळा होतो. कंपनीने हे लपवलेलं नाही, लिहून ठेवलं आहे. पण वाचतो कोण? गुडघ्याइतकं वर राहिलेलं शटर ते हेच.

परीक्षेच्या काळात मी केंद्राचा मुख्य अधीक्षक असतो. पर्यवेक्षकांपैकी कुणीतरी दरवर्षी म्हणतं, “सर, फोन फ्लाइट मोडवर टाकून खिशात ठेवला तर चालेल ना?” त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नसते. तरीही मी पत्र्याची पेटी पुढे करतो. फ्लाइट मोड ही आज्ञा आहे, आणि अंगठ्याने दिलेली आज्ञा अंगठ्यानेच मागे घेता येते. पेटीचं कुलूप हा खटका आहे. ज्या दालनात तीनशे मुलांच्या वर्षाचा प्रश्न असतो, तिथे खटकाच हवा. घरी बॅटरी वाचवायची असेल तर आज्ञा पुरे.

आणि दुभाष्याचं काय? आपल्या दोन भाषांच्या मुलखात प्रत्येक घरात एक दुभाष्या असतोच. आजीला बँकेत नेणारा नातू, कोर्टाचा कागद वाचून दाखवणारा शेजारी, शाळेत कन्नड परिपत्रक मराठीत सांगणारा कारकून. त्यांच्यावाचून आपलं पान हलत नाही, आणि बहुतेक वेळा ते नेमकंच सांगतात. पण कधी समोरचा गप्प बसलेला असतो आणि निरोप येतो, “नाही म्हणाले.” अर्जाला उत्तरच आलेलं नसतं आणि घरी सांगितलं जातं, “नामंजूर झाला.” माणूस तेवढ्यावर परत फिरतो. पोरीची शिष्यवृत्ती राहते, म्हाताऱ्याचं पेन्शन राहतं.

म्हणून अलीकडे माझ्या टेबलापुढे एखादा पालक आला आणि “सर, ते बंद झालंय म्हणे, मिळत नाही म्हणे” असं म्हणाला, की मी त्याला आधी खुर्चीवर बसवतो. मग विचारतो, “कुणी सांगितलं? त्यांना कुणी सांगितलं? मूळ कागद आहे का?” कागद असेल तर दोघं मिळून वाचतो. खरंच बंद असेल तर तसं सांगतो. नसेल तर पुन्हा अर्ज लिहायला घेतो. गेल्या वर्षभरात असे चार अर्ज लिहिले, त्यांतल्या तिघांचं काम झालं. चौथ्याचं उत्तर अजून यायचं आहे. ते येईपर्यंत त्याला मी ‘नामंजूर’ म्हणणार नाही.