वाद्याची पाठचिकित्सा

जुनी अ‍ॅनालॉग सिंथेसायझर वाद्ये मिळवून ती दुरुस्त करण्याचा आमचा छंद कळला, की साहित्याचे अध्यापन करणारे आमचे स्नेही किंचित हसतात. मोडक्या यंत्रांचा आणि वाङ्मयाच्या अभ्यासाचा संबंध काय, असा त्या हसण्याचा अर्थ असतो. आमचा अनुभव असा, की पाठभेद आणि प्रक्षेप या संकल्पना आम्हांला वर्गात समजल्या त्याहून अधिक सोल्डरिंगच्या टेबलावर उमगल्या.

ही वाद्ये आपल्याला वाटतात तितकी परकी नाहीत. मूगचे मॉड्युलर सिंथेसायझर 1969 मध्येच अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत बसवले गेले होते. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 साली जपानी सिंथेसायझरांवर दहा राग ध्वनिमुद्रित केले. आमच्याकडे आलेले कॉर्ग पॉलिसिक्सही असेच, एका दिवंगत ऑर्केस्ट्रा-वादकाचे. ते आणून देताना त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, एवढेच विचारले, "वाजेल हो, पण ह्यांच्या हातचं वाजायचं तसंच वाजेल का?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर सोपे नव्हते. 1981 साली बाजारात आलेले हे वाद्य एका वेळी सहा स्वर काढते आणि प्रत्येक स्वरासाठी आत स्वतंत्र ऑसिलेटर व स्वतंत्र फिल्टर असतो. वादकाने जुळवलेले 32 नाद त्यात साठवता येतात. वीज बंद असताना हा साठा टिकवून धरते ती आतली निकेल-कॅडमियम बॅटरी. ही बॅटरी जुनी झाली की पाझरते आणि तिच्यातला अल्कधर्मी द्रव सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेषा खात सुटतो. जी वस्तू स्मृती राखते तीच देह पोखरते, हे पॉलिसिक्सचे जगभर ठाऊक असलेले दुखणे आहे.

आमच्या समोरच्या बोर्डावर हिरवट डाग पसरला होता, पण स्मृती अजून शाबूत होती. बॅटरी काढावी तर 32 नाद पुसले जाणार. ठेवावी तर वाद्यच जाणार. सुदैवाने पॉलिसिक्सला आपली स्मृती कॅसेटवर उतरवण्याची सोय आहे. आम्ही ती उतरवली आणि शिवाय प्रत्येक नाद वाजवून वेगळा मुद्रित केला. मगच बॅटरी काढली, पातळ व्हिनेगरने बोर्ड धुतला, तुटलेल्या रेषांच्या जागी बारीक तारा जोडल्या आणि वाळलेले कपॅसिटर बदलले.

कॅसेटवरची स्मृती परत चढवली, तेव्हा खरा पेच उभा राहिला. नाद तेच होते आणि तेच नव्हतेही. कॅसेटने जपले होते ते केवळ आकडे: कोणती कळ किती फिरवलेली, एवढेच. त्या आकड्यांचा आवाज करणारे घटक मात्र आता ताजे होते. वादकाने जो मऊ, किंचित मंद नाद पसंत केला होता, त्यात झिजलेल्या घटकांचाही वाटा होता.

आता प्रमाण कशाला मानायचे? कारखान्याची सर्व्हिस मॅन्युअल सांगते ते, म्हणजे निर्मात्याच्या हेतूला? की आमच्या ध्वनिमुद्रणाला, म्हणजे परंपरेने हाती आलेल्या पाठाला? केवळ मॅन्युअलप्रमाणे सारे जुळवले, तर वाद्य नवे होते, पण तीसेक वर्षे ज्याने ते वाजवले तो माणूस त्यातून हद्दपार होतो. देवळाच्या जीर्णोद्धारात जुन्या दगडावर ऑइलपेंट फासला जातो, त्यातलाच हा प्रकार. उलट, आहे तसेच ठेवणे म्हणजे गंजालाच संहिता मानणे.

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीपुढे हाच प्रश्न कितीतरी मोठ्या प्रमाणावर होता. व्यासांच्या मुखातली मूळ संहिता मिळाल्याचा दावा सुकथनकरांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांवरून जिथवर मागे जाता येते तिथवर जाणे, हे त्यांनी उद्दिष्ट मानले. जे श्लोक संहितेबाहेर काढले, तेही टाकून न देता तळटिपांत आणि परिशिष्टांत छापले.

आम्ही स्वरांची उंची मॅन्युअलनुसार लावली, कारण इतर वाद्यांशी जुळून राहणे ही वादकाचीही गरज होती. नादाचा उजळपणा मात्र ध्वनिमुद्रण ऐकत, सहाही फिल्टर एकेक करून, कानाने जुळवला. काय बदलले, काय जुने ठेवले आणि कोणत्या ठिकाणी आमचा केवळ तर्क आहे, हे कागदावर तारखेसह लिहून तो वाद्याच्या झाकणाच्या आत चिकटवला. काढलेले कपॅसिटर डबीत घालून वाद्यासोबत दिले. पाझरलेली बॅटरी तेवढी नाही.

काकूंना आम्ही सांगितले, की अगदी तसेच वाजणार नाही. पण कुठे आणि का वेगळे वाजते, ते लिहून ठेवले आहे. उद्या कुणा अधिक जाणत्याला आमचा पाठ अमान्य झाला, तर आमच्या मागे जाण्याची वाट त्याला खुली असावी, इतकीच आमची इच्छा आहे.